जाते की येते

नंजनगूडच्या मंगळा टीचरच्या घरातून निघताना 'जाते' म्हणायची सोय नव्हती. चंदना लहानपणी एकदाच तसं म्हणाली. पाठीला दप्तर, एक पाय उंबऱ्याबाहेर, आणि तोंडातून निघून गेलं, "अत्ते, मी जाते." अत्ते तव्यावरची रोट्टी करपायला सोडून बाहेर आली. भाचीला दंडाला धरून आत आणलं, बसवलं, तांब्यातलं पाणी प्यायला लावलं आणि म्हणाली, "आता नीट म्हण."

"येते."

"हां. ये."

तोवर शाळेची घंटा होऊन गेली होती आणि चंदनाला वर्गाबाहेर उभं राहावं लागलं. अत्तेला त्याचं काही नव्हतं. आपल्याकडेही हेच आहे, म्हणून जास्त सांगत बसत नाही. एवढंच, की चंदनाची आई लवकर गेली होती, आणि त्या घरात 'जाणं' हा शब्द तेवढ्यापुरताच राखून ठेवलेला होता.

अत्ते म्हणजे या मंगळा टीचर, चंदनाच्या वडिलांची थोरली बहीण. लग्न केलं नाही. मुलींच्या शाळेत चित्रकला शिकवली आणि वीज मंडळाच्या बदल्यांवर फिरणाऱ्या भावाची पोर वाढवली. अर्ध्या गावातल्या बायका तिच्या हाताखालून गेलेल्या. नातवंडं झाली तरी टीचर समोरून येताना दिसल्या की या बायका आपल्या दारातल्या रांगोळीकडे चोरून बघायच्या, रेघ कुठे वाकडी तर नाही ना म्हणून.

पुढे चंदना मैसूरला इंजिनिअर झाली आणि कॉलेजातल्या निश्चल नावाच्या मित्राबरोबर तिनं एक ॲप काढलं. नाव 'चुक्की'. कन्नडात चुक्की म्हणजे रांगोळीचा ठिपका. आपल्या कानाला त्यात चूक ऐकू येते, आणि ती पुढे झालीही, पण बारशाच्या वेळी कुणाच्या मनात तसं काही नव्हतं.

रोज पहाटे ॲपमध्ये एक नवी रांगोळी यायची. ठिपके कसे मांडायचे, रेघ कुठून कुठे न्यायची, आणि सोबत अत्तेचा आवाज. "घाई नको. आधी ठिपके. रेघ आपोआप सापडते." हे सगळं अत्तेच्या स्वयंपाकघरात, खिडकीवर ओला टॉवेल टाकून, शेजारचा कुत्रा गप्प झाला की रेकॉर्ड केलेलं. रांगोळ्या बऱ्या होत्या, पण बायका आवाजाच्या प्रेमात पडल्या. देवळाच्या रस्त्यावर अनोळखी बाई थांबून म्हणायची, "टीचर, आज पहाटे तुम्ही मला रागावलात." निवृत्त झाल्यापासून अत्तेला रागवायला कोणी उरलं नव्हतं. आता तिला अख्खा मुलूख मिळाला. या कामाचे पैसे तिनं घेतले नाहीत. भाचीकडून कसले घ्यायचे, म्हणाली.

पहिली काही वर्षं सगळं फुकट होतं. आता फुकटचं ॲप म्हणजे हत्ती पाळणं. मैसुरात हत्ती राजानं पाळावा, दोन पोरांना तो कुठून झेपणार? मग चंदनानं ॲपमध्ये खरेदीची सोय केली. दिवाळीचा संच, लग्नाचा संच, संक्रांतीचा संच. एकदा पैसे भरा, रांगोळ्या कायमच्या तुमच्या. पहिला संच चामराजनगरच्या कोण्या बाईनं घेतला तेव्हा दोघांनी खाली जाऊन डोसा खाल्ला. त्यात पाप काहीच नव्हतं. बाजारातून रांगोळीची पुडी आणावी तसाच तो व्यवहार.

पण सण अधूनमधून येतो आणि पगार दर महिन्याला द्यावा लागतो. बंगळूरच्या ज्या माणसानं पैसे गुंतवले होते तो म्हणाला, वर्गणी लावा. मग वर्गणी आली. पहिला महिना फुकट, पुढे दर महिन्याला एका मसाला डोशाचे पैसे, बँकेतून आपोआप. बायका पहिला महिना हौसेनं घ्यायच्या आणि महिना संपला की निघून जायच्या.

"बाकीचे काय करतात बघ की," निश्चल म्हणाला. "बाहेर जायचं दार सातव्या खोलीत नेऊन ठेवतात. सापडलं तर जा."

"शी. अत्तेच्या मुली आहेत त्या," चंदना म्हणाली. "दार समोर असू दे."

तेवढा वेळ तिला स्वतःचं फार कौतुक वाटलं. आणि त्याच कौतुकाच्या भरात तिला ती कल्पना सुचली. आपल्यात कोणी 'रद्द करा' म्हणून घराबाहेर पडतं का? अत्तेलाच निरोप देऊ दे. दोन बटणं ठेवू, सारख्या आकाराची, सारख्या रंगाची. एकावर 'जाते'. ते दाबलं की वर्गणी कायमची बंद. दुसऱ्यावर 'येते'. ते दाबलं की एक महिना सुट्टी, पैसे नाहीत, आणि महिन्यानंतर वर्गणी पुन्हा चालू. माहेरी जाऊन यावं तशी.

निश्चल तिच्याकडे बघत राहिला. मग हसायला लागला.

"चंदू, 'जाते' कोण दाबणार गं?"

चंदनाही हसली. हे हसणं तिला पुढे फार छळणार होतं. निश्चलनं सुचवलं, गुंतवणूकवाल्यानं दटावलं, असं काही काही म्हणता आलं असतं, पण ते हसणं तिचं एकटीचं होतं आणि हसताना तिला सगळं कळलेलं होतं. 'येते म्हणजे एका महिन्यानंतर पुन्हा पैसे कापले जातील' ही ओळ तिनं बटणाखाली ठसठशीत लिहिली होती. निश्चल म्हणाला, थोडी फिकी कर, डोळ्यात खुपते. तिनं ती स्वतःच्या हातानं फिकी केली. मग आणखी थोडी. शेवटी ती दुधात पडलेल्या साखरेइतकी दिसायला लागली.

निरोपाचं वाक्य घ्यायला ती नंजनगूडला गेली. अत्ते ओट्याशी उभी राहिली, घसा साफ केला.

"कोण निघालंय?" तिनं विचारलं. "कुणाला म्हणतेय हे मला कळलं पाहिजे, तर आवाज नीट येतो."

"कंटाळून ॲप सोडणाऱ्या बायका, अत्ते. त्यांना कडू तोंडानं पाठवायचं नाही, म्हणून."

"हे बरं केलंस," अत्ते म्हणाली. "येणाऱ्याला पाणी आणि जाणाऱ्याला गोड शब्द. तू विसरली नाहीस." पहिल्यांदा कुकरची शिट्टी मध्ये आली, म्हणून पुन्हा म्हणावं लागलं. "निघालात? बरं. सांभाळून. या हं." चंदनानं फोन पिशवीत टाकला आणि अत्तेनं केलेला बिसीबेळे भात दोनदा वाढून घेतला.

कल्पना भलतीच चालली. निघणाऱ्या जवळजवळ सगळ्या बायका 'येते' दाबत होत्या. निश्चलनं मैसूरपाक आणला. बंगळूरच्या एका सभेत चंदनाला व्यासपीठावर बोलावून, आपल्या संस्कृतीची नस ओळखणारी मुलगी, अशी ओळख करून दिली. टाळ्या पडल्या. ती साडी नेसली होती.

मग हळूहळू निरोप यायला लागले. 'मी निघाले होते तरी पैसे कापले.' 'आम्ही सांगून गेलो होतो.' एका बाईनं लिहिलं होतं, 'अत्तेंना विचारा, त्या मला या हं म्हणाल्या होत्या.' सगळ्यांना एकच तयार उत्तर जायचं, की आपण सुट्टीचा पर्याय निवडला होता. उत्तर चंदनानंच लिहिलेलं. त्यात एक अक्षर खोटं नव्हतं. हे निरोप ती जेवणाआधी वाचायची नाही.

एके सकाळी अत्तेचा फोन आला.

"अगं, ती समोरची नागरत्ना माहितेय ना? शाळेत दुपारचं जेवण रांधते ती. तिचे गुडघे गेलेत, खाली बसवत नाही. म्हणून तिनं ॲप सोडलं, तरी पैसे जातायत म्हणते. देवळाच्या पायरीवर सगळ्या बायकांत म्हणाली, टीचरच्या ॲपमध्ये लबाडी आहे. काय भानगड आहे?"

चंदना ऑफिसच्या जिन्यात उभी होती. खरं सांगायला तेवढीच जागा होती आणि तेवढाच वेळ. "चुकीचं बटण दाबलं असेल तिनं, अत्ते," ती म्हणाली.

"तेच मी म्हटलं. तुझ्या कामात लबाडी कुठली." आणि अत्तेनं फोन ठेवला.

संध्याकाळी पुन्हा फोन. आवाज खूश. "मिटवलं बघ. पायरीवर उभी राहून श्रीकंठेश्वराची शपथ घेतली मी, की माझ्या पोरीच्या कामात खोट नाही, चूक नागरत्नाची आहे. मग सगळ्या गप्प. नागरत्ना रडली बिचारी. अडाणी आहे म्हणाली, हातून होतं असं."

चंदना बरं म्हणाली. दुसरं काय म्हणणार? त्या दिवसापासून तिला अत्तेचा आवाज ऐकवेना. पहाटे ॲप तपासायचं काम तिचं होतं, ते ती आवाज बंद करून करायला लागली.

आठवडाभरात अत्ते स्वतःच मैसूरला आली. पिशवीत नंजनगूडची केळी, हातात फोन. बसली, पाणी प्याली, आणि म्हणाली, "मला ते निघायचं नीट शिकव. मग मी नागरत्नाला शिकवते. तिच्या जिवाला लागून राहिलंय."

"तुझ्याकडे वर्गणी कुठेय? तुला तर सगळं फुकट ठेवलंय मी."

"माझी मी वेगळी घेतली. घरचं दुकान म्हणून पुडी उचलून आणायची का?"

अत्तेनं चष्मा लावला आणि 'निघायचंय' दाबलं. फोन बोलला, "निघालात? बरं. सांभाळून. या हं." स्वतःचा आवाज ऐकून अत्तेला हसू आलं. "शिट्टी नाही आली बघ यात," ती म्हणाली, आणि तिचं बोट सरळ 'येते'कडे गेलं. क्षणभरही अडखळलं नाही.

"ते नाही, अत्ते."

"मग?"

"शेजारचं."

अत्तेनं चष्मा काढला, पदराला पुसला, परत लावला. "हे? हे कोण दाबेल?"

शेजारच्या घरात मिक्सर चालू होता. तो थांबेपर्यंत चंदना थांबली. "येते दाबलं की महिनाभरच बंद राहतं. मग पुन्हा पैसे जातात. तसं खाली लिहिलंय."

"कुठे?"

चंदनानं बोट ठेवलं. अत्तेनं फोन नाकाशी नेला, मग उठून खिडकीशी नेला. "दिसत नाही गं."

"नाहीच दिसत."

"म्हणजे नागरत्नानं चुकीचं काही दाबलं नाही."

"नाही."

"शाळेत असताना मीच तिला शिकवलं होतं, निघताना काय म्हणायचं ते. तेच तिनं दाबलं." अत्ते खिडकीशीच उभी राहिली. "तुला हे माहीत होतं?"

निश्चलचं नाव चंदनाच्या जिभेच्या टोकावर होतं. त्याच्यामागे गुंतवणूकवाल्याचं, त्याच्यामागे सगळे असंच करतात हे. "हो," ती म्हणाली.

"माझा आवाज घेतलास तेव्हा?"

"तेव्हाही."

अत्ते ओरडली असती तर बरं झालं असतं. शाळेत ती ओरडायची तेव्हा खिडक्या हलायच्या. "मी देवाच्या पायरीवर उभी राहून तिला खोटं पाडलं," ती हळू म्हणाली. "सगळ्यांसमोर. ती रडली आणि मला बरं वाटलं."

"मी उद्याच बदलते, अत्ते."

"बदल." तिनं पिशवीतली केळी काढून टेबलावर ठेवली, एक डागाळलेलं होतं ते बाजूला केलं आणि दाराशी जाऊन चपला घातल्या. "येते," ती म्हणाली, जन्मभराच्या सवयीनं. मग थांबली.

"तुमच्याकडे त्याचा अर्थ वेगळा होतो, नाही का," ती म्हणाली. आणि रेकॉर्डिंगला म्हणायची तसं, सावकाश, एकेक अक्षर सुटं करून म्हणाली, "जाते."

चंदना धावत आत गेली. पेल्यात पाणी ओतताना निम्मं सांडलं. "अत्ते, बस. पाणी पी. नीट म्हण." तिचा आवाज दप्तर पाठीला लावलेल्या त्या पोरीचा झाला होता.

अत्तेनं पेल्याकडे पाहिलं. "नागरत्नाला दिलंस? आधी तिला दे." आणि कठड्याला धरून ती जिना उतरली.

दुसऱ्या दिवशी चंदनानं दोन्ही बटणं काढली आणि एकच ठेवलं, 'वर्गणी बंद करा'. निरोपाचा आवाजही काढला. ज्यांनी 'येते' दाबलं होतं त्या सगळ्यांचे पैसे परत जातील अशी सोय केली आणि मग निश्चलला सांगितलं.

"आपण खोटं कुठे बोललो?" तो म्हणाला. "जाते असं लिहिलेलं होतंच की समोर."

"होतं. आणि ते कोणी दाबणार नाही हे मला माहीत होतं."

"बंगळूरला काय सांगू?"

"माझं नाव सांग. कल्पना माझी होती, टाळ्याही मीच घेतल्या." निश्चल चिडला, दोन दिवस बोलला नाही. त्याच्या जागी तीही चिडली असती. पण हे सगळं सोपं होतं. बटण काढणं सोपं असतं. अवघड ते नंजनगूडला होतं.

नागरत्ना दारातच, खुर्ची टाकून बसली होती. शेजारच्या दोघी पायरीवर तांदूळ निवडत होत्या. टीचरची पोर आलेली पाहून ती गुडघे धरत उठली, आत गेली, पाण्याचा पेला आणि गुळाचा खडा घेऊन आली.

"बसा अक्का. टीचर बऱ्या आहेत ना? मी फार लाजले हो त्या दिवशी," ती म्हणाली. "आम्हाला मेलं त्या फोनमधलं काय कळतं. मी चुकीचं दाबलं आणि तुमच्या नावानं गावभर बोंब मारली. मनात ठेवू नका."

चंदनाच्या हातात तो पेला होता. पाणी प्यावंसं वाटेना. आत बसून बोलू का, असं तिच्या ओठांवर आलं होतं, तोच तिचं लक्ष तांदूळ निवडणाऱ्या दोघींकडे गेलं. शपथ आत बसून झाली नव्हती.

"तुम्ही चुकीचं दाबलं नाही," ती म्हणाली. "बटणच तसं केलं होतं, की निघणारी बाई अडकावी. मी केलं होतं. टीचरना माहीत नव्हतं. त्यांनी मला विचारलं तेव्हा मी त्यांच्याशी खोटं बोलले, म्हणून त्यांनी शपथ घेतली."

तांदळातले हात थांबले. नागरत्नानं एकदा त्या दोघींकडे पाहिलं.

"म्हणजे मी म्हणत होते ते खरं होतं."

"हो."

"मला वाटलं, मी अडाणी." ती पुन्हा खुर्चीत बसली. "माझी सून आता मला फोनला हात लावू देत नाही, अक्का. सासूला कळत नाही म्हणते."

पैसे परत येतील असं चंदना म्हणाली, आणि म्हणताच तिला स्वतःची शरम वाटली. नागरत्नानं नुसती मान हलवली. ती पेला खाली ठेवून उठली. दुसरं काही म्हणता येत नाही म्हणून म्हणाली, "येते."

यावर 'या' म्हणायचं असतं. वैऱ्यालाही म्हणायचं असतं. नागरत्नानं न प्यायलेला पेला उचलला आणि ती आत गेली. दार लोटल्याचा आवाज झाला.

अत्ते समोर, आपल्या उंबऱ्यावर उभी होती. केव्हापासून होती कोण जाणे.

"पाणी प्यालीस?" तिनं विचारलं.

"नाही."

"मग अशी निघू नकोस. बस."

चंदना पायरीवर बसली. अत्तेनं आतून तांब्या आणला, तोच, काठाला पोचा आलेला. चंदना सगळं पाणी प्याली. अत्तेनं तांब्या परत घेतला.

"आता नीट म्हण."

चंदनानं तोंड उघडलं. समोर नागरत्नाचं दार बंद होतं. शब्द काही केल्या बाहेर येईना, आणि अत्ते रिकामा तांब्या हातात धरून वाट पाहत उभी राहिली.